साडेसतरा काठ्या

ही गोष्ट कुणाला पटायची नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आजवर जिथे जिथे सांगितली तिथे लोकांनी ऐकून घेतली, सुपारी खाल्ली आणि जाताना म्हातारा चळला म्हणून गेले. तरी घडलं ते घडलं. ज्याला उठायचं असेल त्याने आत्ताच उठावं. मध्येच उठणाऱ्याच्या पायाला मुंग्या येतात, आणि त्या सात दिवस उतरत नाहीत.

कल्याणहून डोंबिवलीच्या अंगाला खाडीच्या कडेकडेने चालत निघालं की दीड कोसावर वेताळखार लागायचं. तीस-पस्तीस घरं, पुढे भाताची खाचरं आणि त्यांच्यापुढे बाहेरकाठा, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणारा मोठा मातीचा बांध. हा बांध होता म्हणून गाव होतं. सन अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात अमावास्येचं उधाण आलं, ते असं आलं की देवळातल्या घंटेत निवटी सापडली. निवटी म्हणजे चिखलातला बोटभर मासा. तो घंटेत बसून शेपटीने टोले देत होता आणि पुजारी बाहेर ओल्या पंच्याने हात जोडून उभा होता. बरं, निवटीचं सोडा. बांधाला खांड पडली एवढं तरी खरं धरा. पाच हात रुंद खांड, आणि तिच्यातून खाडी आत.

त्या खांडीत फळ्या रोवायला उतरलेल्या विठ्ठल मढवीला फुरसं चावलं. चावलं तेव्हा त्याला वाटलं काटा लागला. फळी पुरी ठोकून मगच तो वर आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. तिकडे फळी मात्र टिकली. त्याचा थोरला भाऊ त्र्यंबक नंतर पुष्कळ दिवस ती फळी लोकांना दाखवायचा. विठ्ठल कामाला चोख होता, एवढंच त्याच्याविषयी बोलायचा.

विठ्ठलच्या मागे राहिली मालन. वय चोवीस, मूलबाळ नाही, चौथी शिकलेली. घरात सासू गोदा आणि दीर त्र्यंबक. त्र्यंबकची बायको दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती, त्यामुळे घरात राबणारी बाई आता एकच उरली. गोदाने सून म्हणून तिला कधी मारलं नाही. फक्त तिच्या ताटात कण्यांची भाकरी वाढताना मीठ घालायची विसरायची. मीठ मागितलं तर म्हणायची, दिसभर खाऱ्या चिखलात असतंस, आनखी कशाला पायजे.

भात हाती आलं ते निम्मं पोचट निघालं. मार्गशीर्षात कापणी उरकून सगळं गाव बांधाला लागलं. गावचा रिवाज असा, की ज्याच्या शेतापुढे जितका बांध तितका त्याने भरायचा. ओहोटी लागली की खाडीच्या पोटातला काळा चिखल खणायचा, टोपलीत भरून डोक्यावरून चढावाने वर आणायचा, थापायचा, तुडवायचा. त्र्यंबकने मालनला काठ फुटलेली टोपली दिली होती. चांगल्या टोपल्या घरात दोन होत्या, पण ही आधी संपव म्हणाला. फुटक्या काठातून चिखल मानेवर गळायचा, पाठीवरून ओघळून लुगड्यात जायचा आणि वाळला की कातडं ओढून धरायचा. संध्याकाळी ती मान वळवायला गेली की चिखलाचे पापुद्रे सुटायचे, त्यांच्याबरोबर केसही निघायचे. त्र्यंबक वर बांधावर उभा. तो टोपली उचलायचा नाही. टोपली रिकामी झाली की पायाने चिखल दाबून बघायचा आणि म्हणायचा, पातळ हाय.

दिवसाआड मालन कल्याणला जायची. वालाच्या शेंगांची पाटी घेऊन पारनाक्याच्या बाजूला दारोदार फिरायची. तिथे एका माडीवर मंदाकिनीबाई राहायच्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, लग्न केलेलं नाही, चाळिशी उलटलेली. त्यांच्या बोलण्याला अशी धार होती की एकदा त्या दुधवाल्यावर ओरडल्या, तर दुधाचं दही झालं. घरात मोलकरीण महिनाभर टिकत नसे. शेवटची गेली ती आपली चप्पल तिथेच टाकून अनवाणी पळाली. म्हणून मागल्या अंगणात भांड्यांचा ढीग कायमचाच, आणि शेंगा घेता घेता बाईंनी मालनला तो घासायला बसवलं. घासल्याबद्दल शिळी पोळी आणि चहा.

एके दिवशी पायरीवर मुलींच्या वह्या पडल्या होत्या. मालन राखेने बरबटलेल्या हातांनी वाकून बघत होती. बाई ओरडणार, तोच ती म्हणाली, ‘बाई, या पोरीनं हिकडचे पाच काडले, तिकडचे काडलेच नाय.’

बाईंनी वही उचलली. खरंच मुलीने समीकरणाच्या एका बाजूचे पाच वजा केले होते आणि दुसऱ्या बाजूचे तसेच ठेवले होते. तुला काय कळतं यातलं, म्हणून त्यांनी विचारलं. मालन म्हणाली, कावडीसारखं हाय ना यो. एका टोकाचं ओझं उतरवलं आणि दुसऱ्याचं ठेवलं, तर कावड कशी राहील खांद्यावर?

बाईंना गंमत वाटली. गंमत म्हणून माणसं काय काय करतात, तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी पोपटाला शिव्या शिकवतं, कुणी माकडाला सलाम. बाईंनी मालनला बीजगणित शिकवायला घेतलं.

पाटी द्यायची नाही, पाटी मुलींची. चुलीवरचं काळंकुट्ट पातेलं पालथं घालायचं, त्यावर ओली राख फासायची आणि बोटाने लिहायचं. राख जाऊन खालचा काळा रंग दिसला की ती अक्षरं. समीकरण बरोबर सुटलं की पातेलं घासायचं, म्हणजे लिहिलेलं आपोआप जायचं. चुकलं तर बाई घासून पालथी घातलेली तीन भांडी पुन्हा खरकट्यात बुडवायच्या. मालनच्या बोटांना खाऱ्या चिखलाने चिरा पडलेल्या होत्या, त्यांच्यात चिंच आणि राख भरायची. लिहिताना ती बोटाला फुंकर घालायची. बाई म्हणायच्या, फुंकर नको घालूस, राख उडते.

पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, की क्ष म्हणजे काय. मंदाकिनीबाई सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, ‘जे आपल्याला ठाऊक नाही, पण आहेच. ते किती, ते त्याच्या भोवतालच्यांना विचारून काढायचं.’

हे वाक्य मालनच्या डोक्यात बसलं. ती येता-जाता क्ष मानायला लागली. दीड कोसाची वाट क्ष पावलांची मानायची आणि घरी पोचून मोजलेल्या पावलांशी ताडून बघायची. दोन बायका मिळून चाळीस टोपल्या टाकतात, एक दुसरीपेक्षा सहा जास्त टाकते, तर दुसरी किती? सतरा. ती दुसरी बाजूला उभी असली की तिच्याकडे बघून मालन गालात हसायची, आणि त्या बाईला वाटायचं हिला लागिर झालं. दोन महिन्यांत कंस सोडवणं आलं, मग सूत्रं आली. बाईंनी तिला समलंब चौकोनाचं सूत्र सांगितलं: दोन समांतर बाजूंची बेरीज, गुणिले मधलं अंतर, भागिले दोन. ते तिने घरी जाताना वाटभर म्हटलं. तिकडून देवीला निघालेल्या दोन म्हाताऱ्यांना वाटलं, काहीतरी स्तोत्र आहे. त्यांनी थांबून हात जोडले.

फाल्गुनात घरातलं भांडण उपटलं. त्र्यंबकने तिला सांगितलं, की आपल्या शेतापुढचा निम्मा बांध विठ्ठलच्या वाट्याचा, तो तू एकटीने भरायचा. निम्मा मी माणसं लावून भरतो. मालनने पदराने मान पुसली आणि चार माणसांच्या देखत म्हणाली, ‘बांध माजे वाट्याचा, तं भात बी माजे वाट्याचा. शेताचा वाटा करा.’

विधवेने थोरल्या दिरापाशी असं बोलल्यावर बांधावर एवढी शांतता झाली, की चिखलात चिंबोऱ्या चालताना ऐकू आल्या. त्र्यंबक हसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पंच बोलावले.

आता शेत कसं होतं, ते नीट ऐका, नाहीतर पुढे मला विचाराल. शेत एकच. खाली बांधाची बाजू लांब, वर गावाकडची बाजू आखूड, दोन्ही एकमेकींना समांतर. एका कडेला पिंपळ, ती कड बांधापासून सरळ वर गेलेली. दुसऱ्या कडेला ओढा, तो तिरका वाहतो, म्हणून शेत वर अरुंद आणि खाली बांधापाशी फुगलेलं. गावात शेताचा वाटा करायचा म्हणजे एकच रीत. बांध मोजायचा, त्याच्या मध्यावर खुंटी मारायची आणि तिथून सरळ वर रेघ ओढायची. कारण बांधाचं काम सारखं वाटलं गेलं पाहिजे. काम सारखं म्हणजे जमीन सारखी, असं गावाने पिढ्यान्‌पिढ्या धरलेलं. आणि दुसरा रिवाज असा, की वाटा मागेल त्याने खुंटी मारायची आणि दुसऱ्याने आधी हवा तो वाटा उचलायचा.

म्हणजे मालनने मध्यावर खुंटी मारली, की त्र्यंबक पिंपळाकडचा वाटा उचलणार होता. तो न शिकताही इतकं जाणून होता, की पिंपळाकडचं शेत वरपर्यंत रुंद आहे आणि ओढ्याकडचं वर जाता जाता आवळलंय.

गावची मोजणीची काठी पोपट म्हात्र्याकडे असायची. पोपटआबा पंचांतला वडीलधारा. काठी बांबूची, दोन्ही टोकांना लोखंडी कडी. मालनने ती मागून घेतली. पोपटआबा द्यायला कचरले, बायकांनी काठीला हात लावायची चाल नव्हती. त्र्यंबक म्हणाला, द्या, तिचा खेळ बघू. मग ती एकटी शेतभर काठी पालथी टाकत फिरली. माणसं पिंपळाखाली बसून विड्या ओढत होती आणि ती वाकली की काहीबाही बोलत होती. बांधाची बाजू चव्वेचाळीस काठ्या भरली. वरची सव्वीस. मधलं अंतर वीस. तिने पुन्हा सगळं मोजलं. पुन्हा तेच.

मग ती ओल्या जमिनीवर उकिडवी बसली आणि काडीने लिहायला लागली. पिंपळाच्या कडेपासून खुंटीपर्यंत क्ष. वरही क्ष, खालीही क्ष. मग ओढ्याकडे खाली उरतात चव्वेचाळीस वजा क्ष, वर सव्वीस वजा क्ष. अंतर दोन्हीकडे वीसच, ते दोन्हीकडून काढून टाकलं तरी कावड हलत नाही. इकडच्या दोन बाजूंची बेरीज तिकडच्या दोन बाजूंच्या बेरजेइतकी पाहिजे. तिने कंस सोडवले. उठली. पिंपळापासून साडेसतरा काठ्या मोजल्या आणि खुंटी मारली. वरच्या बाजूलाही साडेसतरा मोजून दुसरी मारली.

हसणं असं उठलं की खाडीतले बगळे उडाले. बांधावर उभ्या असलेल्यांना दिसत होतं, की पिंपळाकडे साडेसतरा आणि ओढ्याकडे साडेसव्वीस. ते ओरडले, ओढ्याकडे ढीग टाकला गो. वर गावाच्या बाजूला उभ्या असलेल्यांना दिसत होतं पिंपळाकडे साडेसतरा आणि ओढ्याकडे साडेआठ. ते ओरडले, पिंपळाकडे सगळं ओढलंन. दोन्हीकडचे हसत होते, एकमेकांच्या उलट गोष्टीला, आणि एकालाही आपलं हसू मागे घ्यावंसं वाटलं नाही.

मालन म्हणाली, दोन्ही वाटे सारखेच आहेत, कुठलाही उचला. पोपटआबांनी बांधाचं विचारलं. एकाला साडेसतरा काठ्या बांध भरायचा आणि दुसऱ्याला साडेसव्वीस, हा कुठला न्याय? तेव्हा ती म्हणाली, लांब बांध मी घेते, मी भरते. माझं कामाचं म्हणणं नाही, जमिनीचं आहे.

त्र्यंबकचं हसणं तिथे थांबलं. त्याने खुंटीकडे बघितलं, शेताकडे बघितलं. मध्यावरची खुंटी गेली, की पिंपळाकडचा मोठा वाटा गेला, हे त्याला लख्ख दिसलं. तो पंचांकडे वळला. हे लिहिलंय ते बरोबर कशावरून? मी म्हणतो आकाशात भोक आहे, तर ते आहे का? हिला ज्या बाईनं शिकवलंन तिलाच विचारा. ती बोलली बरोबर, तर खुंटी राहील आणि वाटा हिचा. ती बोलली चूक, तर हिने वाट्याचं नाव काढायचं नाही. जन्मभर भाकरीवर राबायचं, बांध भरायचा.

‘बोल, हाय कबूल?’

मालनने लगेच हो म्हटलं. तिला वाटलं, देवानेच दिराच्या तोंडून हे काढलं. साडेसतराचा ताळा तिने तीनदा करून बघितला होता, आणि बाईंची तर त्यात हयात गेलेली. त्या रात्री तिला पुष्कळ दिवसांनी झोप लागली. पिंपळाकडे घर, ओढ्याकडे... नाही, ओढ्याकडचा वाटा आपला, तर घर ओढ्याकडेच, असं काहीतरी ठरवता ठरवता ती झोपली.

सकाळी पोपटआबा साक्षीला बरोबर निघाले. वाटेत ते पुढे, ती मागे. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पंचांनी त्यांना सांगितलं होतं, की बाईंच्या तोंडचा शब्द ऐकून ये आणि दोनदा विचार.

मंदाकिनीबाई नुकत्याच पूजा उरकून बसल्या होत्या. मागल्या अंगणात चार दिवसांची भांडी, कारण वाटणीच्या धांदलीत मालन आली नव्हती. बाईंनी आधी त्याबद्दल तिला बोल लावले. आबांना पायरीवर बसवलं. मग मालनने सगळं सांगितलं, पातेलं पालथं घातलं, राख फासली आणि लिहायला लागली. अक्षर कधी नव्हे ते सुबक आलं.

क्ष + क्ष = (४४ − क्ष) + (२६ − क्ष).

२क्ष = ७० − २क्ष.

४क्ष = ७०.

क्ष = १७½.

बाई वाकून बघत राहिल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. एका ओळीवर बोट ठेवलं, उचललं. बराच वेळ झाल्यावर बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, की शेत मिळाल्यावर मग तू काय करणार आहेस.

मालनचा चेहरा फुलला. म्हणाली, मग इकडे येवाला नाय जमाचं, बाई. साडेसव्वीस काठ्या बांध अंगावर घेतलाय. पण सणासुदीला वालाच्या शेंगा घेऊन येन, तुमचे उपकार मी विसरणार नाय.

बाईंनी भांड्यांच्या ढिगाकडे बघितलं. तपेली, पितळी परात, दुधाचं करपलेलं पातेलं, तव्यावर माशा. मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि पदर खोचला.

‘चूक आहे,’ त्या म्हणाल्या.

पोपटआबांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं. बाईंनी दुसऱ्यांदा सांगितलं, आणि या वेळी आवाज वर्गातला होता, म्हणजे अंगणापलीकडेही ऐकू गेला.

‘कुठं चुकलं, बाई?’

‘ते तू शोधायचं. मी दाखवलं तर तुला कधीच यायचं नाही. आणि आता ते पातेलं घास, वाळलं म्हणजे निघत नाही.’

मालनने राखेचा गोळा घेतला आणि पहिल्या ओळीपासून घासायला लागली. आबा तिथेच बसून होते. ते पुढे सांगायचे, की मालन रडली नाही. ती प्रत्येक ओळ घासण्याआधी थांबायची, वाचायची आणि मगच घासायची. शेवटची ओळ तिने सगळ्यात हळू घासली. मग बाकीची भांडीही घासली, चारही दिवसांची.

गावी परतल्यावर त्र्यंबकने वाटा केलाच नाही, करायची गरजच उरली नव्हती. त्याने फक्त मालनला सांगितलं, तू मारल्यास त्या खुंट्या तूच काढ. बांधापाशची खुंटी चिखलात हातभर गेली होती, वरून ऊन लागून चिखल आवळला होता. सगळं गाव बघायला उभं. तिने दोन्ही हातांनी धरून हलवली, हलेना. बसून पायांनी रेटून ओढली. बोटांच्या चिरा फुटल्या आणि खुंटी रक्ताने निसरडी झाली. त्र्यंबक म्हणाला, किती गो, साडेसतरा येळा ओढ, मग येल. बायकासुद्धा हसल्या. गोदा हसली नाही, तिला दात नव्हते. खुंटी एकदाची निघाली, तेव्हा मालन मागे उताणी पडली आणि भोकात पाणी भरलं.

पुढची सगळी वर्षं त्याच हिशेबाची. ओहोटीला बांध, दिवसाआड कल्याण. मानेवर चिखल, बोटांत राख. पोटात कण्या. गावात तिचं मालन नाव कुणी घेईना. ‘साडेसतरा आली’, ‘साडेसतरा टोपली घेऊन गेली’, असं लोक बोलायचे, आणि नव्या आलेल्या सुनांना वाटायचं, हे तिचं माहेरचं नावच असेल.

पण ती चूक शोधायची थांबली नाही. बाई म्हणाल्या होत्या शोध, म्हणजे ती कुठेतरी असणारच. तिने ओढ्याच्या बाजूने मोजून बघितलं, खालून साडेसव्वीस आले, चव्वेचाळीसातून काढले तर साडेसतरा. सूत्राने सगळं शेत काढलं, सातशे चौरस काठ्या, निम्मे साडेतीनशे, भागिले वीस, साडेसतरा. चव्वेचाळीसच्या जागी अ आणि सव्वीसच्या जागी ब धरून अ अधिक ब भागिले चार असं सूत्रच बांधलं, आणि त्यात आकडे घातले, साडेसतरा. दर खेपेला पातेलं घासण्याआधी ती बाईंना बोलवायची. आज बी साडेसतराच आलं, बाई. बाई आतूनच म्हणायच्या, मग आजही चुकलं. पहिली दोन वर्षं तिला वाटायचं, चूक गणितात आहे. मग तिला वाटायला लागलं, चूक आपल्यातच आहे. गणित बरोबर असतं, हातून उतरताना नासतं, जसं विटाळशीच्या हाताने लोणचं नासतं म्हणतात तसं. एकदा तिने बाईंना तसं बोलूनही दाखवलं, आणि बाई म्हणाल्या, असेल.

शेताला मात्र काही झालं नाही. त्र्यंबकने पिंपळाकडे नवं खळं केलं. तिच्या पायांखालून गेलेला चिखल असा घट्ट बसला, की त्या पट्ट्यात पुन्हा खांड पडली नाही. सरकारी माणसं बघायला आली, तेव्हा त्र्यंबकने त्यांना विठ्ठलची फळी दाखवली.

आता शेवटचं ऐका, आणि हेच कुणाला पटत नाही. सात वर्षं तिने त्या एकाच पातेल्याच्या पाठीवर ते एकच गणित लिहिलं आणि घासलं. त्याच जागी बोट, त्याच जागी राख. छप्पन सालच्या माघात एके सकाळी ती शेवटची ओळ घासत होती, आणि घासता घासता तांब्याचं पातेलं आरपार गेलं. भोक पडलं. साधंसुधं नाही, एक, सात आणि अर्धा, नीट सुवाच्य अक्षरात कापलेलं. मंदाकिनीबाई ओरडत आल्या. त्यांनी पातेलं उजेडाकडे धरलं, तेव्हा समोरच्या भिंतीवर उन्हाचे आकडे पडले, साडेसतरा, आणि कल्याणच्या अर्ध्या बाजारातली माणसं ते बघायला जिन्यावर चढली. जिना मोडला. त्यात एका गुजराती शेटचा पाय गेला, तो अजून लंगडतो.

आणि एवढं होऊनही तिला आपली चूक सापडली नाही. बाईमाणसाला दोन अक्षरं आली, की ती अशी आयुष्य खातात. म्हणा आता, खोटं म्हणा. भांड्याला आकड्यांचं भोक पडतं का, म्हणून विचारा. सगळे तेच विचारतात.

म्हाताऱ्याचं सांगून झालं तसा ओटीवर हशा पिकला. खांबापाशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली घरातली धाकटी सून हेमा मात्र हसली नाही. लग्नाआधी ती मॅट्रिक झाली होती. तिने सुपातले तांदूळ बोटाने एकीकडे सारून मोकळ्या जागेत काहीतरी लिहिलं होतं, आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

‘भोक पडलं असेल, मामंजी, ते मी मानते,’ ती म्हणाली. ‘तिचं चुकलं, हे खोटं. चव्वेचाळीस नि सव्वीस सत्तर, चार क्ष बरोबर सत्तर. साडेसतराच येतं.’